निळ्या पिंपातला परका

मित्रांनो, मी पिंपाच्या तळाशी राहून गेलेला एक जुना द्रव आहे. मला रंग नाही, वास नाही. बोटावर घेतलं तर तेलासारखा गुळगुळीत लागतो आणि जिभेवर किंचित गोड. माझं नाव प्रॉपिलीन ग्लायकॉल. हे नाव तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलं असेल. घरातल्या क्रीमच्या डबीवर, शाम्पूच्या बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांची एक रांग असते. त्या रांगेत पाण्यानंतर कुठेतरी मी असतो.

माझी गोष्ट सांगताना 'मी' हा शब्द मला जरा जपून वापरावा लागेल. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. खनिज तेलातून मिळणाऱ्या एका वायूपासून तिथे आधी एक ऑक्साइड करतात, मग ते दाबाखाली गरम पाण्याबरोबर एकत्र आणतात आणि त्यातून मी निघतो. माझ्या प्रत्येक रेणूत कार्बनचे तीन अणू असतात आणि दोन हात असतात. हात म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या. या हातांनी मी पाणी धरून ठेवतो. हिवाळ्यात तुमचे गाल कोरडे पडतात तेव्हा क्रीममधून मी त्यांच्यावर पसरतो आणि पाण्याला लवकर उडून जाऊ देत नाही. माझं दुसरं काम विरघळवण्याचं. गुलाबाचं तेल नुसत्या पाण्यात घातलं तर वर तरंगत बसतं. आधी माझ्यात मिसळलं तर मग ते पाण्यातही निमूट उतरतं. म्हणून क्रीमवाले मला घेतात, औषधवाले घेतात आणि खाण्याचे सुगंधी अर्क करणारेही घेतात.

मी शुद्ध होतो. कारखान्यातून निघताना मला तपासलं होतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते कळायला हवं म्हणून सांगतो.

हैदराबादला मी विमलताईंच्या घरी आलो. त्यांचं घर काचीगुड्याला, स्टेशनच्या इतक्या जवळ की गाड्यांच्या घोषणा तीन भाषांत खोलीत ऐकू येत. खालच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत त्या चेहऱ्याला लावायचं लोशन बनवत. एक वजनकाटा, दोन स्टीलची पातेली, एक घुसळायचं यंत्र आणि कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवलेलं निळं प्लास्टिकचं पिंप. त्या पिंपात मला ओतलं. विमलताईंचं लोशन हिमायतनगरच्या दुकानांत चांगलं खपत असे. बायका दुकानात येऊन "ते काचीगुड्याचं द्या" म्हणून मागत. विमलताई संध्याकाळी पिंपावरून ओला फडका फिरवत आणि म्हणत, "हे आमचं पिंप आहे म्हणून सगळं आहे." मला बरं वाटे. दसऱ्याला वजनकाट्याबरोबर माझ्याही पिंपाची पूजा होई. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचं एक फूल.

या घराची एक रीत होती. मिठाची बरणी, तांदळाचा डबा, कुंकवाचा करंडा यातलं काहीच तिथे पूर्ण रिकामं होऊ देत नसत. मीठ संपलं असा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. मीठ वाढलं म्हणायचं. थोडं तळाशी असतानाच नवं आणून वरून ओतायचं. विमलताईंनी हीच रीत कामाच्या खोलीत आणली होती. पिंपातली पातळी हातभर खाली गेली की नवा कॅन येई आणि माझ्यावर ओतला जाई. नवे येत, वरचे खर्च होत, पण तळाशी आम्ही थोडे जुने कायम राहत असू. वर्षानुवर्षं त्या पिंपाने आपला तळ पाहिला नाही.

मेधा ही विमलताईंची मुलगी. ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला ही रीत पसंत नव्हती.

"आई, हे पिंप तू धुतेस कधी?" एकदा तिने विचारलं.

"कशाला धुवायचं? त्यात काय कोणी पाय बुडवले?"

"पायाचं नाही गं. जुना लॉट आणि नवा लॉट एकत्र होतात. उद्या काही झालं तर कुठल्या कॅनचं काय ते कळणार कसं? आमच्याकडे असं केलं तर घरी पाठवतील."

"मग इथे कर, तू घरीच आहेस. आणि भरलेल्या घरात उद्या काही होईल असलं बोलायचं नाही."

विमलताईंचे यजमान प्रतापराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते. ते दारातून पेपर हलवत म्हणाले, "अगं, ऐक तिचं. मॅडमची सही झाल्याशिवाय आता आपल्याकडे चहासुद्धा उकळायचा नाही, हौ."

मेधा हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने एका स्वच्छ बाटलीत मला थोडं काढून घेतलं आणि प्रयोगशाळेत नेलं. तिथे एक यंत्र आहे. त्याच्या केसासारख्या बारीक आणि खूप लांब नळीतून मला पळवतात. निरनिराळे पदार्थ तिच्यातून निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात, त्यामुळे कोणी दुसरा माझ्यात लपला असला तरी तो वेगळा दिसतो. माझ्यात दुसरं कोणी नव्हतं.

मेधा घरी येऊन म्हणाली, "आई, तुझं पिंप एकदम क्लीन आहे."

मित्रांनो, या वाक्याकडे नीट लक्ष द्या. तिने तपासली होती एक बाटली, तीही त्या दिवशीची. पण तिच्या तोंडून शब्द गेला 'पिंप'. विमलताईंनी तो तसाच मनात ठेवला. त्या दिवसापासून घरात कोणी विचारलं की त्या सांगत, "मेधाने तपासलेलं पिंप आहे आमचं." जणू ती तपासणी प्लास्टिकला चिकटून बसली होती आणि पुढे जे काही त्यात पडेल ते आपोआप तपासलेलं ठरणार होतं.

यंदा उन्हाळा लवकर तापला. विमलताईंचा नेहमीचा व्यापारी म्हणाला की माल यायला उशीर आहे. पिंपातली पातळी हातभर खाली गेली, मग त्याहून खाली. चैत्रगौर बसली होती आणि हळदीकुंकवाचा शुक्रवार जवळ आला होता. त्या रोज झाकण उघडून आत बघत आणि घाईघाईने पुन्हा लावत.

हिम्मतराव हे प्रतापरावांचे जुने मित्र. ते रसायनांची लहानसहान दलाली करत आणि चहाच्या वेळी बरोबर दारात उभे राहत.

"वहिनी, एवढं कायको परेशान होता?" ते म्हणाले. "माझा माणूस आहे शहराबाहेर. उद्या दोन कॅन आणून टाकतो. असली माल."

"असली आहे ना हो? चेहऱ्याला लावतात लोक."

"मी आजवर तुम्हाला नकली काही आणलं का? चहासुद्धा मी इथेच येऊन पितो, बाहेरच्यावर भरवसा नाही म्हणून."

"चहाचं कारण वेगळं आहे," प्रतापराव म्हणाले. "बाहेर पैसे पडतात."

दुसऱ्या दिवशी पांढरे कॅन आले. विमलताईंनी एकाचं बूच उघडलं, तळहातावर थोडं घेतलं, चोळून पाहिलं, वास घेतला. मग जिभेच्या टोकाने चाखलं.

"गोड आहे," त्या समाधानाने म्हणाल्या. "तोच आहे."

तो मी नव्हतो.

तो वरून ओतला गेला तेव्हा मी तळाशी होतो. आजवर आलेले नवे माझ्याइतक्याच वजनाचे असत. ते येत आणि सहज मिसळून जात. हा मात्र जड होता. वरच्या थरांतून तो सरळ खाली उतरत आला आणि माझ्या शेजारी, माझ्या खालीसुद्धा, येऊन बसला. तोही रंगहीन. तोही गुळगुळीत. त्यालाही दोन हात होते आणि तोही पाणी धरू शकत होता. पण त्याच्या रेणूत कार्बनचे चार अणू होते आणि त्यांच्या मधोमध ऑक्सिजनचा एक सांधा होता. त्याचं नाव डायएथिलीन ग्लायकॉल. यंत्रांच्या थंडाव्याच्या पाण्यात, रंगांत, गाड्यांच्या द्रवांत त्याला काम आहे. तिथे तो आपलं काम नीट करतो. माणसाच्या पोटात त्याला जागा नाही. हिम्मतरावांच्या माणसाने त्याला जाणूनबुजून कॅनमध्ये भरलं की गोदामात अदलाबदल झाली, हे मला ठाऊक नाही. मी फक्त तळाशी त्याचं वजन अनुभवलं.

विमलताईंनी लांब स्टीलची दांडी घातली आणि पिंप घुसळलं. त्या घुसळण्यानंतर तो कुठे आहे आणि मी कुठे, हे सांगता येईना. प्रत्येक थेंबात दोघं होतो. आता कळलं ना, 'मी' हा शब्द मला जपून का वापरावा लागतो?

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. लोशन तसंच पांढरं, तसंच मऊ झालं. हेच मला सर्वांत भयंकर वाटलं. वास बदलला असता, रंग उतरला असता, लोशन पातेल्यात दुधासारखं फुटलं असतं तर कोणी तरी थांबून पाहिलं असतं.

मग विमलताईंनी गुलाबाचा अर्क करायला घेतला. त्यांच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं असेच, पण नारायणगुड्याच्या महिला मंडळातल्या बायका येत त्या गुलाबाच्या सरबतासाठी. लहान मुलं तर ग्लासावर ग्लास मागत. त्यासाठी लागणारा अर्क त्या वर्षातून एकदा स्वतः करत, आणि तो माझ्यातच करत. आजवर त्यात काही वावगं नव्हतं. त्यांनी पिंपातून मोठी बाटली भरून घेतली, गुलाबाचं तेल थेंब थेंब सोडलं, लाल रंग घातला आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. उन्हात ती बाटली सुंदर दिसे.

यंदाचं तेल जरा उग्र होतं. प्रमाण जुळेना. म्हणून विमलताई रोज दुपारी एक ग्लास सरबत करून पाहत. कधी अर्क जास्त, कधी साखर कमी. प्रतापरावांना साखरेचा त्रास, ते घेत नसत. मेधा दिवसभर प्रयोगशाळेत. त्यामुळे तो ग्लास त्या एकट्याच संपवत. बाहेर ऊन रणरणत असे आणि त्या डोळे मिटून म्हणत, "हं. आज जमलं."

मी त्यांच्या घशाखाली उतरत होतो. तोही उतरत होता.

पिंपात आम्हाला कोणी वेगळं करू शकलं नव्हतं. विमलताईंच्या यकृताने केलं. शरीर मला ओळखतं. ते मला मोडून दुधाम्ल बनवतं; दह्यात असतं तेच आम्ल. त्याचं काय करायचं हे शरीराला माहीत असतं. त्या परक्यालाही शरीर त्याच पद्धतीने मोडायला गेलं, आणि त्यातून निघालं भलतंच आम्ल. ते रक्ताबरोबर मूत्रपिंडांत गेलं आणि तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशी एक एक करून मारू लागलं. मी तिथेच होतो. मला काही करता येत नव्हतं. हात दोन असले तरी ते फक्त पाणी धरण्याचे आहेत.

आधी त्यांना मळमळू लागलं. मग उलट्या. मग पाठीत आणि पोटात दुखू लागलं.

"ऊन लागलंय," प्रतापराव म्हणाले. "किती सांगितलं, त्या खोलीत पंखा लाव."

"पंख्याने पावडर उडते," विमलताई क्षीण आवाजात म्हणाल्या. "मेधा, जरा ते सरबत दे गं. थंड वाटतं."

मेधाने ग्लास दिला. स्वतःच्या हाताने दिला.

बुधवारी त्यांना लघवी होणं जवळजवळ थांबलं. चेहऱ्यावर सूज आली. तेव्हा मेधाने त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथे त्यांना लगेच दाखल करून घेतलं. घरात सगळ्यांच्या तोंडी उन्हाचंच नाव होतं. शेजारच्या कुसुमताई मंडळाच्या जुन्या सभासद. त्या भेटून गेल्या आणि प्रतापरावांना म्हणाल्या, "गौर बसलेली आहे. हळदीकुंकू चुकवायचं नाही. विमलच्या नावाने आम्ही सगळ्या मिळून करतो. तिलाच बरं वाटेल." प्रतापरावांचे डोळे भरून आले. त्यांनी किल्ली दिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल बाटली वाट पाहत होती.

शुक्रवारी दुपारी मूत्रपिंडांच्या डॉक्टरबाई तपासण्या हातात घेऊन आल्या. त्यांचा चेहरा नुसतं ऊन लागलंय असं सांगणारा नव्हता. रक्तात आम्ल फार वाढलंय आणि ते उलट्यांमुळे वाढावं त्यापेक्षा जास्त आहे, असं त्यांनी मेधाला बाजूला घेऊन सांगितलं. मग पलंगाशी वाकून विचारलं, "अम्मा, घर में क्या पिये? कोई काढा? किसी ने दिया हुआ दवा?"

विमलताईंनी मान हलवली. "काही नाही हो. घरचंच खाल्लं. सरबत तेवढं घेत होते."

"कुठलं सरबत?" मेधाने विचारलं.

"अगं, गुलाबाचं. नव्या अर्काचं."

"अर्क कशात केलास?"

"कशात करते दरवर्षी? पिंपातल्यात. तू तपासलेलं आहे ना."

"मी तपासलं तेव्हा थंडी होती, आई. त्यानंतर पिंपात काही ओतलंस?"

"हिम्मतभावजींनी दोन कॅन आणले होते ना. तेच. पिंप खाली गेलं होतं बाई फार. तसं कसं ठेवायचं?"

मेधाने फोन काढला. तिने कुसुमताईंना लावला. तो वाजत राहिला. तिने पुन्हा लावला.

घरात गौरीपुढे आरास मांडली होती. कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे. ओट्यावर दोन मोठ्या पातेल्यांत मी होतो, थंड आणि लाल, वर बर्फाचे खडे. मला सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते. बायका हसत होत्या. मुलं ग्लास वाजवत होती.

"हॅलो? कोण, मेधा? आई कशी आहे गं?"

"काकू, सरबत केलंत का?"

"केलंय ना. विमलने सगळं काढूनच ठेवलं होतं. पोरं कधीची पातेल्याभोवती घुटमळतायत. आता ग्लासात ओततेच आहे."

"ग्लासात नको. मोरीत ओता."

"काय ओतू?"

"सगळं. दोन्ही पातेली मोरीत ओता. कोणाला थेंब देऊ नका."

कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या, "मेधा, बाळा, तुला झोप नाही, ताण आलाय. अगं, गौरीला नैवेद्य दाखवलाय याचा. प्रसाद मोरीत कसा ओतू? सवाष्णी बसल्यात समोर."

"काकू, आईला ऊन लागलेलं नाही. तिला याने झालंय."

कुसुमताईंचा आवाज आला, पण तो मेधासाठी नव्हता. "ए! ठेव तो ग्लास! खाली ठेव म्हणते ना!" त्यांच्या नातीने स्वतःच वाटीने ग्लासात घेतलं होतं आणि ग्लास ओठांना लावला होता. कुसुमताईंनी हाताने तो उडवला. ग्लास भिंतीवर आपटला. मुलगी भोकांड पसरून रडू लागली. मी भिंतीवरून लाल ओघळत खाली आलो.

"प्यायली नाही," कुसुमताई फोनमध्ये म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "पण मी चमचाभर चाखलंय गं."

मोरीतून जाताना मी मागे ऐकत होतो. कोणी तरी म्हणत होतं, "गौरीचा कोप व्हायचा," आणि कुसुमताई ओरडत होत्या, "होऊ दे. माझ्यावर होऊ दे."

कुसुमताईंना त्याच संध्याकाळी तपासलं. त्या वाचल्या, चमचाभराचाच प्रश्न होता. विमलताईही वाचल्या. पण त्यांची मूत्रपिंडं परत कामाला लागली नाहीत. आता ठरलेल्या दिवशी मेधा त्यांना घेऊन जाते, त्यांचं रक्त यंत्रातून फिरवतात आणि त्या छताकडे बघत पडून राहतात. परवा त्या मेधाला म्हणाल्या, "चव तर तीच होती गं." मेधा त्यांच्या कोरड्या पडलेल्या हाताला क्रीम लावत होती. लावताना मध्येच थांबली, डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, आणि डबी तशीच बाजूला ठेवली.

पिंपातल्या नमुन्याची तपासणी झाली. त्यात एक तृतीयांशाहून अधिक तो परका होता. मेधाने हिमायतनगरच्या दुकानांतून लोशनच्या बाटल्या परत मागवल्या. औषध नियंत्रण खात्याला कळवलं. तिथली माणसं येऊन पिंप बघणार होती, त्यातला माल कुठून आला याचा माग काढणार होती. ती येईपर्यंत कोणी चुकून हात लावू नये म्हणून मेधाने जाड पेनने पिंपावर मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं.

मित्रांनो, माझ्या अंगावर असा शब्द कोणी लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो बरोबर होता. मला वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच वाटलं की आता मी कोणाचं काही करू शकणार नाही.

मेधा आईला घेऊन दवाखान्यात गेली होती त्या सकाळी हिम्मतराव आले. चहाची वेळ नव्हती.

"प्रताप, तोंड दाखवायला जागा नाही मला," ते म्हणाले. "तो माणूस फोन उचलत नाही. खात्याची माणसं आली तर पहिलं नाव माझंच निघणार."

"आमचंही निघणार," प्रतापराव म्हणाले. "आयुष्यभर कोणी बोट दाखवलं नाही रे. आता पेपरात छापून येईल."

"मी घेऊन जाऊ का?"

"मेधा म्हणाली, हात लावायचा नाही."

"पोरीने सांभाळायचं काय ते सांभाळलं. आपण म्हातारे, आपलं आपण बघू. मी जाळून टाकतो. माझी जबाबदारी."

"जाळशील ना पण?"

"हौ, रे."

"घेऊन जा मग. डोळ्यासमोर नको."

दोघांनी मिळून मला उचललं. प्रतापरावांनी टेम्पोपर्यंत हात लावला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त ते पिंप दिसायला नको होतं.

जाळायला मला कुठेही नेलं नाही. शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये टेम्पो थांबला. हिम्मतरावांनी रबरी नळी आणली आणि मला पांढऱ्या कॅनमध्ये काढलं. मेधाने लिहिलेली अक्षरं पिंपावर राहिली. मी कॅनमध्ये आलो. कॅनवर काहीच लिहिलेलं नव्हतं. रिकामं पिंप त्यांनी शेडमागे उलटं टाकलं. हिम्मतरावांनी कपाळ पुसलं आणि स्वतःशीच म्हणाले, "गाड्यांच्या कामाला जाईल. फेकायचं कशाला?" कदाचित तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असेल.

संध्याकाळी घ्यायला एक माणूस आला. तो घाईत होता. त्याने कॅन हलवून पाहिला, उजेडात धरून पाहिला. मी स्वच्छ होतो. काचेसारखा.

"ये काय में डालते?" त्याने विचारलं.

हिम्मतराव थांबले. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"काय में भी डालो," ते म्हणाले. "सब में चलता."

मित्रांनो, मी आता त्या माणसाच्या टेम्पोत आहे. मी कुठे उतरेन ते मला माहीत नाही. गाड्यांच्या दुकानात उतरलो तर बरं. पण कदाचित औषध करणाऱ्याच्या दारातही उतरेन, बेकरीच्या मागच्या खोलीत उतरेन, किंवा घरच्या घरी क्रीम बनवणाऱ्या एखाद्या काकूंच्या पाटावर. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या घरात, दुकानात, कारखान्यात कोणी माझा कॅन आणला तर चाखून पाहू नका. तो कुठून आला ते विचारा. काल दुसरा कॅन तपासला होता म्हणून आजच्यावर विसंबू नका; जो समोर आहे तोच तपासायला द्या. आणि तोपर्यंत, कितीही अडलं तरी, तो दुसऱ्या कशात ओतू नका. एकदा ओतलं की मला परत वेगळं काढता येत नाही. मोठी माणसं हसतील, घाईत आहोत म्हणतील. तरी विचारा.

टेम्पो थांबला आहे. मागचं फळकं कोणी तरी खाली पाडत आहे.